दोन मायक्रोफोन आणि अण्णांचा जाझ

ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर मागच्या बाजूला चकाकत्या ढोलांचा आणि पितळी थाळ्यांचा जो पसारा मांडलेला असतो, त्याला पुस्तकात ड्रमसेट म्हणत असले तरी वाद्यवाल्यांच्या बोलीत त्याचे नाव ‘जाझ’. “जाझवर कोण आहे?” असे विचारले की समजावे, तो पसारा कोण वाजविणार आहे एवढेच विचारणाऱ्याला हवे आहे. अमेरिकेतील जाझ नावाच्या संगीताशी त्या प्रश्नाचा काडीचाही संबंध नसतो. हे वाद्य एक म्हणावे तर एक आहे आणि सात म्हणावीत तर सात. पायाने वाजतो तो मोठा बेस ड्रम. गुडघ्यांमध्ये असतो तो स्नेअर, ज्याच्या खालच्या कातड्याला तारा लावलेल्या असतात आणि म्हणून जो ढबढब न वाजता कडाडतो. वर दोन टॉम, उजव्या हाताला जमिनीवर उभा असलेला तिसरा टॉम, डाव्या पायाने उघडझाप करणारी झांजांची जोडी म्हणजे हायहॅट, आणि दोन्ही बाजूंना टांगलेल्या थाळ्या. दोन हात, दोन पाय आणि एक माणूस.

हा सगळा गोंधळ ध्वनिमुद्रित कसा करावयाचा, हा प्रश्न तुमच्यापैकी फार थोड्यांना पडला असेल. मलाही तो वर्षानुवर्षे पडला नव्हता. नगरला, म्हणजे २०२४ सालापासून ज्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे त्या आमच्या गावात, माझा ध्वनिमुद्रणाचा छोटासा उद्योग आहे. भजनी मंडळे, शाळांची स्वागतगीते, दुकानांच्या जाहिराती, आणि निवडणुका आल्या की रिक्षावर लावावयाच्या उमेदवारांच्या आरोळ्या, एवढ्यावर माझे घर चालते. या सर्व कामांना दोन मायक्रोफोन पुरतात. गवयापुढे एक, पेटी-तबल्याला एक. माझ्याजवळ आहेत तेही दोनच, एकाच जातीचे, जुळ्या भावांसारखे.

आजकालच्या मोठ्या स्टुडिओत जाझला आठ-दहा मायक्रोफोन लावतात. प्रत्येक ढोलाला त्याचा त्याचा, थाळ्यांवर दोन, शिवाय खोलीचा घुमारा टिपावयाला आणखी एखाददुसरा. मग ते सर्व आवाज संगणकात वेगवेगळ्या ओळींवर उतरतात आणि वाजविणारा घरी गेल्यावर दुसरा कोणी तरी बसून ठरवतो की, कोणता ढोल मोठा, कोणता लहान. एखादा ठोका हुकला असेल तर तो सरळ करता येतो. नको असेल तर त्या जागी दुसऱ्याच कुणाच्या ढोलाचा ठोका बसविता येतो. या पद्धतीला नावे ठेवण्याचे मला काही कारण नाही. हजारो लोकांच्या मैदानात किंवा मोठ्या सिनेमाच्या कामात तिच्यावाचून चालत नाही. पण तिच्यामुळे एक समज रूढ होऊन बसला आहे, तो असा की, दोन मायक्रोफोनवर जाझ घेणे म्हणजे गरिबाघरचे श्रीखंड, साखर कमी आणि चक्का आंबट.

तो समज किती पोकळ आहे हे मला अण्णांनी दाखविले.

अण्णा म्हणजे आमच्या गावातले जुने जाझवाले. त्यांचे खरे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही. वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवीत. मुलाने रेडिओ सिलोन ऐकून ऐकून जाझचा नाद लावून घेतला. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, राहुरी अशा साखर कारखान्यांच्या मुलखात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम दणकून होत. ऊस गाळपाला गेला, हातात पैसा आला, की गणपती, नवरात्र, जत्रा, सत्कार यांपैकी काही ना काही निघेच. अण्णांचा जाझ एसटीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडला. “बेस ड्रममध्ये कपडे भरायचे, म्हणजे वेगळी पेटी न्यायला नको,” असे ते सांगत.

पुढे ऑक्टोपॅड आले. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली ते पहिल्यांदा बाजारात आणले. सूटकेसएवढी चपटी पेटी, तिच्यावर रबराचे आठ चौकोन. एका चौकोनावर छडी मारली की बेस ड्रम, दुसऱ्यावर मारली की थाळी, आणि बटण फिरविले तर त्याच चौकोनातून ढोलकी किंवा संबळही निघते. टपावर चढवावयाला नको, मांडावयाला अर्धा तास नको. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ते उचलून धरले यात नवल नाही. अण्णांनीही उचलले. पोट कुणाला सुटले आहे! खरा जाझ घरच्या दिवाणखान्यात चादरीखाली गेला, आणि घरातल्या पोरांची दप्तरे ठेवावयाची ती एक चांगली जागा झाली.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडे आली. ती पुण्याला असते. म्हणाली, “काका, वाडा विकला. दिवाळी झाली की आईदादा माझ्याकडे यायचेत. आमच्या फ्लॅटमध्ये तो जाझ ठेवायला जागा नाही, आणि ठेवला तरी खालच्या मजल्यावरचे लोक वाजवू देणार नाहीत. इथल्या एका चर्चमधल्या मुलांना तो दिलाय. नाताळच्या गाण्यांसाठी हवाय त्यांना. पण जाण्याआधी दादांनी एकदा वाजवावा आणि तुम्ही तो घ्यावा, असं मला वाटतं. त्यांचा उजवा हात आता फार वेळ चालत नाही. डॉक्टरांनी मनगटाला जपायला सांगितलंय. दोन-तीनदाच वाजवतील. जमेल का?”

येथे थोडे थांबून जाझ आणि ध्वनिमुद्रण यांचे जुने वैर सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढची गंमत कळणार नाही.

गाणे तबकडीवर उतरविण्याची कला आपल्या देशात आली १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग त्या वर्षी कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गोहरजानचे गाणे घेतले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. आवाजाच्या जोरानेच सुई हलावयाची आणि मेणावर रेघ कोरली जावयाची. अशा नाजूक सुईपुढे मोठा ढोल वाजला तर काय होईल याची कल्पना करा. १९२३ साली अमेरिकेत किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या; त्यात लुई आर्मस्ट्राँगही होता. जाझ वाजविणारा बेबी डॉड्स त्या काळातला नाणावलेला वादक. पण सुई उडेल या धास्तीने त्याला आपले मोठे ढोल बाजूला ठेवून बराचसा ठेका लाकडी ठोकळ्यांवर धरावा लागला. म्हणजे त्या तबकड्यांवर जाझ आहे आणि जाझचा जाझ मात्र नाही! १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारा मायक्रोफोन तबकड्यांच्या कामाला आला आणि ढोलाचा वनवास संपला. १९३१ मध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनियराने दोन मायक्रोफोन दोन कानांसारखे वापरण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. आज ज्याला आपण स्टीरिओ म्हणतो त्याची पायाभरणी त्यात आहे.

आपल्याकडे हा जाझ सिनेमाच्या गाण्यात रुळविणाऱ्यांमध्ये एक मोठे नाव आमच्याच जिल्ह्यातले आहे, हे सांगताना छाती जरा फुगते. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांब्याचा. गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी असलेले, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे ते गाव. त्या गावच्या मुलाने १९४७ मध्ये ‘शहनाई’त, १९५१ मध्ये ‘अलबेला’त आणि १९५७ मध्ये ‘आशा’त जो विलायती ठेका धरला, त्यावर अवघा देश नाचला. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या वाद्यवृंदात होते, आणि ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. त्या काळी मुंबईत कावस लॉर्ड यांच्यासारखे पारशी तालवादक होते. त्यांची मुले केरसी आणि बुजी हीही पुढे त्याच धंद्यात नाव काढून गेली.

आणि ही गाणी घेतली कशी जात? गाणारे आणि वाजविणारे सगळे एकाच दालनात, एकाच वेळी. मायक्रोफोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सर्व आवाज एकाच ओळीवर. मिनू कात्रक यांच्यासारखे ध्वनिमुद्रक वादकांना मायक्रोफोनपासून पुढे-मागे बसवून आवाजाचा तोल साधीत. व्हायोलिनवाला चुकला तर पहिल्यापासून सगळे पुन्हा. नंतर बसून दुरुस्त करावयाचे म्हटले तर दुरुस्त करावयाला काही सुटे उरलेलेच नसे.

म्हणजे अण्णा ज्या गाण्यांवर वाढले, त्यांतला जाझ थोड्याच मायक्रोफोनांवर घेतलेला होता. माझ्याजवळचे दोन त्या मानाने चैनच म्हणावयाची.

पहिला प्रश्न जागेचा. माझी मुद्रणाची खोली दहा बाय बारा, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, वरचे छत हाताला लागेल असे. तेथे निवेदन छान होते, पण जाझ म्हणजे मडक्यात बॉम्ब. अण्णांचा दिवाणखाना मात्र नामी निघाला. नगरच्या जुन्या वाड्यांना माळवद असे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. छत उंच, आणि तुळयांमुळे ते सपाट नसल्याने आवाज एकाच दिशेने परत आदळत नाही, चुरा होऊन सगळीकडे पसरतो. खाली शहाबादी फरशी, एका बाजूला चौकाकडे उघडणारे तीन दरवाजे. टाळी वाजवून पाहिली. टाळीमागून छोटीशी, उबदार सावली आली आणि विरली.

जागेइतकाच वेळेचाही प्रश्न होता. वसुबारसेनंतर फटाक्यांपुढे कोणाचे काही चालत नाही. म्हणून त्याआधीचा दिवस धरला. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी पाण्याच्या मोटारी. तेव्हा दुपारी दोन ते चार, गल्ली झोपते तेव्हा. शेजारच्या बाईंनी चकल्यांची भाजणी दळावयाला काढली होती, त्यांना मावशींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, दोन तास थोपवून धरले. चौकात एक पारवा होता, त्याला थोपविणारा कोणी नव्हता.

चादर काढली. थाळ्यांवर काळपट डाग आले होते, पण कातडी, म्हणजे ती प्लॅस्टिकचीच असतात, शाबूत होती. अण्णांनी चावी घेऊन एकेक कडी फिरविली. स्नेअरची एक बाजू ताणली, बोटाने टिचकी मारली, कान लावला, समोरची बाजू ताणली. तबलजी हातोडीने गट्टे ठोकतो तेच हे काम, फक्त सूर सांगावयाला पेटी नसते. यात पाऊण तास गेला आणि तो मुळीच वाया गेला नाही. आठ मायक्रोफोन असते तर बेसूर टॉमचा आवाज मागाहून कापता आला असता. दोनांवर तो शेवटपर्यंत तसाच बोंबलत राहिला असता.

बेस ड्रमच्या पोटात मऊ काही ठेवावे लागते, नाही तर तो पिंपासारखा घुमतो. मी गोधडी मागितली. मावशी म्हणाल्या, “माझी गोधडी ढोलात घालू देणार नाही मी. पुण्याला न्यायचीय ती.” शेवटी दोन जुनी घोंगडी निघाली. एक पोटात गेले, दुसरे जाझखाली अंथरले. ते खरखरीत असल्याने फरशीवर बेस ड्रम पुढे सरकेनासा झाला.

आता मायक्रोफोन कुठे ठेवावयाचे? सरळ विचार केला तर दोन्ही वर टांगावेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. तसे ठेवले तर थाळ्या सर्वांत जवळ येतात आणि पायाखालचा बेस ड्रम लांब राहतो. दुसरा विचार, एक बेस ड्रमपुढे आणि एक वर. तो पुष्कळ लोक वापरतात आणि धडधड चांगली येते, पण मग डावे-उजवे काही उरत नाही. मला अण्णांच्या हातांची ये-जा ऐकू यावयास हवी होती. म्हणून मी एका तिसऱ्या रीतीला हात घातला. ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाच्या नावाने ती ओळखली जाते. त्याची मूळ मांडणी दोनाहून अधिक मायक्रोफोनांची होती, पण तिचा गाभा दोनच आहेत. एक मायक्रोफोन स्नेअरच्या बरोबर वर, अदमासे एक मीटर, तोंड खाली. दुसरा वाजविणाऱ्याच्या उजव्या बाजूला, जमिनीवरच्या टॉमच्या पलीकडे, त्याच्या कडेहून थोडा उंच, आणि तोंड आडवे, टॉमवरून स्नेअरकडे. मुख्य अट एकच. स्नेअरच्या मध्यापासून दोन्हींचे अंतर सारखे पाहिजे.

का, ते सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात ३४ सेंटिमीटर. आता समजा एक मायक्रोफोन स्नेअरपासून १०० सेंटिमीटरवर आहे आणि दुसरा १३४ वर. एकच ठोका दुसऱ्याकडे हजारांश सेकंद उशिरा पोहोचेल. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण सेकंदाला पाचशे कंपने करणारा जो सूर त्या ठोक्यात असेल, त्याची लाट पहिल्याकडे वर उचललेली असताना दुसऱ्याकडे खाली गेलेली असते. हौदात दोन खडे टाकले तर कुठे कुठे दोन तरंग एकमेकांना भेटून पाणी सपाट होते, ते आपण पाहिले आहे. तसे हे दोन आवाज एकत्र केले की तो सूर नाहीसा होतो. पाचशेचा गेला, पंधराशेचा गेला, असे करीत करीत स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा पातळ होतो. दोन कानांना दोन वेगळे आवाज दिले तर ते इतके जाणवत नाही. पण बहुतेक माणसे आजकाल गाणी खिशातल्या फोनच्या इवल्याशा भोंग्यावर ऐकतात, आणि तेथे दोन्ही आवाज एक होतात.

यावर उपाय अगदी शिवणकामातला आहे. सुतळीचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरले, पहिल्या मायक्रोफोनपर्यंत नेऊन गाठ मारली, आणि तीच सुतळी दुसऱ्याकडे वळविली. गाठ जेथे आली तेथे दुसऱ्याचे तोंड. अण्णांच्या मुलीने टोक धरले, मी गाठ सांभाळली. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “ब्लाउजचं माप घेताय की काय?”

पहिली चाचणी घेतली. अण्णांनी मिनिटभर साधा ठेका धरला. मग हेडफोन त्यांच्या कानांवर घातला आणि त्यांचे त्यांना ऐकविले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. संपल्यावर काही बोलले नाहीत. पुन्हा लावावयाला सांगितले. मग म्हणाले, “थाळी सगळ्यांना खाऊन टाकतेय.”

खरे होते. हायहॅट आणि उजवी थाळी यांचा खणखणाट वर, आणि स्नेअर त्याखाली दबलेला. मी मायक्रोफोन हलवावयाला उठलो तेव्हा त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली. “तुमची जागा बरोबर आहे. हात माझा सैल झालाय. ऑक्टोपॅडवर थाळीचा आवाज बटणानं कमी करतात हो. वीस वर्षं बटणावर सोडून दिलं.”

पुढची वीस मिनिटे मी जे पाहिले ते कोणत्याही स्टुडिओत पाहावयास मिळाले नसते. त्यांनी थाळ्यांचे स्टँड चार-चार बोटे उंच केले, म्हणजे टॉमवर मारलेला हात मोकळा झाला आणि थाळी स्नेअरपासून दूर गेली. हायहॅटवर छडीचा जाड खांदा पडत होता, तेथे ते छडीचे टोक ठेवू लागले. आवाज निम्म्याने उतरला, पण ठिपक्यांच्या रांगोळीसारखा स्वच्छ झाला. उलट स्नेअरवर ते मध्यावर, नेमक्या एकाच जागी मारू लागले. पायाचे पेडल मारून दाबून न ठेवता लगेच सोडू लागले, त्यामुळे बेस ड्रम पूर्ण श्वास घेऊन वाजू लागला. प्रत्येक बदलानंतर पाच-सहा ठोके, मग हेडफोन. मनगट दुखेल म्हणून ते वाजवीत होते अगदी थोडे, ऐकत होते फार. तबल्याला एकच मायक्रोफोन लावला तर चाटी आणि डग्गा यांचा तोल तबलजीच ठेवतो, हे आपण सहज धरून चालतो. जाझवाल्याकडून ती अपेक्षा करावयाचे आपण कधी सोडून दिले, कुणास ठाऊक.

मी काय केले? बाजूचा मायक्रोफोन वीतभर मागे नेला आणि तेवढाच वरचा उंच केला, सुतळीने पुन्हा मापून. एवढेच.

लांबून घेतलेला जाझ जवळून घेतलेल्यापेक्षा मोठा वाटतो, ही मौजेची गोष्ट येथे सांगून टाकतो. कातड्याला चिकटून ठेवलेल्या मायक्रोफोनला फक्त थाप कळते; ढोल किती मोठा आहे हे कळावयाला खोली लागते. १९७१ साली लेड झेपेलिन या इंग्रज मंडळींची एक तबकडी निघाली. तिच्या एका गाण्यातला जाझ हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या दालनात मांडला होता आणि अँडी जॉन्सने, म्हणजे वर आलेल्या ग्लिनच्याच धाकट्या भावाने, दोन मायक्रोफोन वर जिन्यावरून लोंबकळत ठेवले होते. जॉन बोनमचे ते ढोल असे काही घुमले की, पन्नास वर्षे झाली तरी लोक ते ठोके उचलून आपल्या गाण्यांत घालीत आहेत. अण्णांनी ते कधी ऐकले नव्हते. मी फोनवर थोडेसे ऐकविले. “जिना चांगला आहे,” एवढाच त्यांचा अभिप्राय.

तीन वाजून गेले होते. वीज गेली, पण माझे यंत्र सेलवर चालते आणि पंखा बंद झाला हे बरेच झाले. घामाने अण्णांच्या छड्या निसटू लागल्या तेव्हा मावशींनी त्यांच्या तळहातांना भाजणीचे पीठ लावले. मी मना केले नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी आपल्या ऑर्केस्ट्राची सुरुवात वाजविली. पडदा उघडताना वाजत असे ती. दीड मिनिट. दुसऱ्या खेपेला एकट्याच जाझचा एक तुकडा, टॉमवरून खाली उतरत येणारा, बँडच्या ढोलाची चाल मध्येच डोकावणारा. तो त्यांच्या वडिलांचा, असे मुलीने माझ्या कानात सांगितले. त्यात एकदा पारवा घुमला, बरोबर समेवर. तो मी काढलेला नाही. काढावयाचे म्हटले तरी दोन मायक्रोफोनांत तो दोन्हीकडे सारखा बसला आहे.

दुसऱ्या खेपेनंतर अण्णा मनगट चोळू लागले. मुलगी म्हणाली, “दादा, पुरे आता.” ते म्हणाले, “एक गाणं राहिलंय.”

गाणे कोण म्हणणार? कोणीच नाही. ते गाणे त्यांच्या डोक्यात होते आणि ते फक्त त्याची साथ वाजविणार होते. आम्हा कुणाला त्यांनी नाव सांगितले नाही. छडीवर छडी मारून चार मोजले आणि सुरू केले. हायहॅटवर टोकाचे ठिपके, स्नेअरवर मधूनच एक हलकी टपली, कडव्याच्या शेवटी उजव्या टॉमवर तीन. कुठे ते हात आवरते घेत, कुठे मोकळे सोडीत. तेवढ्यावरून कळत होते की येथे गाणारा आहे, येथे गाणारा थांबला आहे आणि ट्रंपेट बोलते आहे. मी हेडफोनात ऐकत होतो. उजव्या कानात टॉम, मध्ये स्नेअर, जवळजवळ माझ्या कपाळावर, आणि भोवती तो दिवाणखाना, त्याच्या तुळया, त्याची तीन दारे.

दुसऱ्या कडव्याला मावशी स्वयंपाकघराच्या दारातून ओठ हलवीत होत्या. आवाज काढीत नव्हत्या, कारण मी बोट ओठांवर ठेवून बसलो होतो. ओठ नेमके ठेक्यावर हलत होते. शेवटचा ठोका पडला, थाळी हळूहळू विझली, मी यंत्र बंद केले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अलबेला. लग्नाआधी नाशकाला आमच्या आळीत गणपतीला वाजवलं होतं त्यांनी. मी गर्दीत होते.”

अण्णा मोज्याने थाळी पुसत होते. म्हणाले, “तेव्हा मायक्रोफोन एकच होता. तोही गाणाऱ्यापुढे.”

तिन्ही तुकडे मिळून नऊ मिनिटांच्या आतबाहेर भरले. त्यांत मी काही कापले नाही, जोडले नाही. दोन ओळी डाव्या-उजव्या ठेवल्या आणि आवाज थोडा वर आणला. एक प्रत मुलीला दिली. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी चर्चमधली मुले टेम्पो घेऊन आली. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आले तेव्हापासून या गावातल्या ख्रिस्ती मंडळींनी अभंगापासून कीर्तनापर्यंत काय काय आपलेसे केले आहे. त्यांच्या पोरांना एसटीच्या टपावरून आलेला जाझ काय जड! अण्णांनी प्रत्येक स्टँडच्या दांड्यावर खडूने खूण केली, थाळी किती उंच ठेवावयाची ते कळावे म्हणून. घोंगडे पोटातच राहू दिले.

त्यांतला एक मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा, परवा माझ्याकडे आला होता. फोनवर ते तिसरे गाणे लावून म्हणाला, “सर, इथे हायहॅट इतका बारीक कसा आलाय? कुठला माइक होता?” मी त्याला माइकचे नाव सांगितले, आणि अण्णांचा पुण्याचा पत्ता दिला.